विस्मरणासाठी शिवलेले पुस्तक

लुईझ बुर्ज्वा या फ्रेंच-अमेरिकन शिल्पकर्तीने २००२ साली, नव्वदी गाठल्यावर, एक पुस्तक तयार केले. त्यात कागदाचे एकही पान नाही. पाने आहेत ती लिननच्या, हात पुसायच्या रुमालांची. हे रुमाल १९३८ साली झालेल्या लग्नाच्या वेळी सोबत आणलेल्या कापडचोपडातले होते, आणि त्यांतल्या अनेकांवर ‘एल. बी. जी.’, म्हणजे लुईझ बुर्ज्वा गोल्डवॉटर या लग्नानंतरच्या नावाची आद्याक्षरे धाग्याने भरलेली आहेत. या पानांवर त्यांनी स्वतःचे जुने कपडे, रात्रीचे झगे, गळ्याचे रुमाल, जेवणाच्या टेबलावरची कापडे यांचे तुकडे कापून शिवले. कुठे एकात एक बसवलेली वर्तुळे आहेत, कुठे चौकटी, तर कुठे अरुंद पट्ट्या एकमेकींखालून घालून विणलेली जाळी. पुस्तकाचे नाव ‘ओद अ लुब्ली’, म्हणजे विस्मरणाचे स्तोत्र.

चौसष्ट वर्षे ज्यांनी हातरुमालसुद्धा टाकले नाहीत त्यांनी त्याच रुमालांचे पुस्तक करून ते विस्मरणाला का वाहावे, हा प्रश्न हे पुस्तक पाहताच मनात येतो. स्मृती आणि विस्मरण या विषयावरील वस्त्रकलेबद्दल आज पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते, परंतु त्यातली भाषा बहुधा इतकी धूसर असते की ‘कापड आठवणी जपते’ या वाक्यापलीकडे वाचकाच्या हाती काही लागत नाही. या वाक्याशी मी सहमत नाही. कापड स्वतः काहीच आठवत नाही. त्याच्यावर खुणा उमटतात, त्या खुणांचा अर्थ सांगणारे कोणी असेपर्यंत त्यांची आठवण होते, आणि सांगणारे उरले नाही की त्या नुसत्या डागांच्या आणि विरलेपणाच्या रूपाने शिल्लक राहतात. वस्त्रकलेतील स्मृतीचा विचार या साध्या गोष्टीपासून सुरू करावा लागतो, म्हणून आधी या खुणा कशा पडतात ते पाहू.

अंगावर वागवलेले कापड सगळीकडे सारखे झिजत नाही. सदऱ्याची कॉलर, बाहीची कड, काखेचा भाग आणि गुडघा आधी विरतात, कारण तेथे घर्षण आणि घाम असतो. लिननचा धागा मजबूत असला तरी त्याला लवचीकपणा कमी असतो, त्यामुळे वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेले लिनन त्या घडीवरच चिरते. उजेड लागलेला भाग फिका पडतो, घडीच्या आत राहिलेला भाग रंग टिकवून धरतो. म्हणजे एखादे वस्त्र कोणत्या देहावर, कोणत्या हवेत आणि किती काळ होते याची नोंद त्याच्या धाग्यांत आपोआप होत असते. ही नोंद कोणी मुद्दाम केलेली नसते, आणि चित्राहून किंवा लेखी रोजनिशीहून ती वेगळी आहे ती यामुळेच. रोजनिशी लिहिणारा काय लिहायचे ते निवडतो, कापडाला ती निवड नसते.

बुर्ज्वा यांना हे सगळे पुस्तकांतून शिकावे लागले नाही. त्यांचा जन्म २५ डिसेंबर १९११ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्यांच्या आईवडिलांचा व्यवसाय जुन्या टॅपेस्ट्रींचा होता. टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर टांगायचा, लोकरीच्या आणि रेशमी धाग्यांत विणलेला चित्रांचा पट, ज्यात चित्र कापडावर काढलेले नसून बाण्याच्या, म्हणजे आडव्या, रंगीत धाग्यांनीच कापड आणि चित्र दोन्ही एकदम घडत जातात. वडील असे जुने पट शोधून आणत आणि पॅरिसमधील दुकानातून विकत. आई जोसेफीन यांचे माहेर ओब्युसाँ या टॅपेस्ट्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाकडचे होते, आणि दुरुस्तीचा कारखाना त्या सांभाळत. हा कारखाना पॅरिसच्या दक्षिणेला आँतोनी येथे, बिएव्र नावाच्या लहानशा नदीकाठी होता. रंगकामासाठी या नदीच्या पाण्याची पूर्वापार ख्याती होती, आणि फ्रान्समधील टॅपेस्ट्रीचा सर्वांत नामवंत कारखाना, गोबलँ, हाही याच नदीकाठी उभा राहिला होता.

जुन्या टॅपेस्ट्रीची दुरुस्ती म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण आठवणीची दुरुस्ती कशी होते तेही त्यातून स्पष्ट दिसते. असा पट सर्वत्र एकाच गतीने जीर्ण होत नाही. काळे आणि गडद तपकिरी रंग पक्के करण्यासाठी पूर्वी लोहाचे क्षार वापरत, आणि तेच लोह कालांतराने लोकर कुरतडते, म्हणून आकृत्यांच्या गडद बाह्यरेषा सर्वांत आधी झडून जातात. हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून केलेला असतो. वनस्पतीपासून काढलेला तो पिवळा उजेडात उडून जातो आणि खालचा निळा टिकतो, त्यामुळे जुन्या टॅपेस्ट्रीतील जंगले निळ्या पानांची दिसतात. ती तशी कधीच नव्हती. पट उलटून पाहिला, तर मागच्या बाजूला, जेथे उजेड पोहोचला नाही तेथे, पाने अजून हिरवी आढळतात. चित्राचा खालचा काठ जमिनीलगत असल्याने तो ओल, धूळ आणि पायांचे धक्के सोसतो, आणि म्हणून पटातील माणसांचे पाय आधी नाहीसे होतात.

लुईझ यांच्या कलाजीवनाची सुरुवात या नाहीशा झालेल्या पायांपासून झाली. गेलेला भाग पुन्हा विणायचा तर आधी तो कसा होता याचे रेखाचित्र लागते. ते काढणारा माणूस नेहमी हाताशी नसे, म्हणून आईने शाळकरी मुलीला ते काम सांगितले आणि ती पाय काढू लागली. कुणाचे पाय, ते कसे होते, हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. उरलेल्या देहावरून, वस्त्राच्या घोळावरून आणि त्या काळच्या इतर चित्रांवरून अंदाज बांधायचा, रेखाटायचे, मग कारागीर बाया उभे ताणे नव्याने भरून त्यावर तो पाय विणत, आणि काम चांगले झाले तर जोड दिसतही नसे. बुर्ज्वा यांनी पुढे सांगितलेली आणखी एक आठवण अशी की, अमेरिकी ग्राहकांना संकोच वाटू नये म्हणून त्यांची आई पटातील नग्न बालदेवदूतांचे लिंग कापून काढी आणि त्या जागी फुले वगैरे भरून देई. म्हणजे एकाच घरात, एकाच सुईने, हरवलेले परत आणण्याचे आणि असलेले नाहीसे करण्याचे काम चाले, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही जागा सारख्याच अखंड दिसत.

मानसशास्त्राने आठवणीबद्दल जे शोधले आहे ते या कारखान्यातल्या कामाशी बरेच जुळते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत त्यांनी लोकांना एक परकी, काहीशी अगम्य लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून सांगायला लावली. लोकांनी कथा लहान केली, न समजलेले भाग गाळले, आणि अनोळखी गोष्टींच्या जागी ओळखीच्या घातल्या. आपण खोटे सांगत आहोत असे त्यांना वाटत नव्हते. आठवण ही साठवलेली वस्तू बाहेर काढण्यासारखी नसून ती दर वेळी उरलेल्या तुकड्यांवरून नव्याने रचली जाते, असे बार्टलेट यांचे म्हणणे होते. पुढे २००० साली करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, भीतीची पक्की झालेली आठवण पुन्हा जागवली की काही तासांपुरती ती सैल होते आणि मेंदूला ती पुन्हा पक्की करावी लागते. त्या अवधीत अडथळा आणला तर ती क्षीण होऊ शकते. माणसाच्या रोजच्या आयुष्यातल्या गुंतागुंतीच्या आठवणींना हे जसेच्या तसे लावता येत नाही, पण आठवणे आणि बदलणे ही एकाच वेळी घडणारी कामे असू शकतात, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

आता पुन्हा त्या पुस्तकाकडे येऊ. त्यात शब्द फार थोडे आहेत, दोनच छोट्या ओळी. त्यांतल्या एकीचा आशय असा: जे कधी घडलेच नाही त्याची मला लख्ख आठवण आली. दुसरी आहे ‘दमिताचे पुनरागमन’, आणि ती मनोविश्लेषणातून आलेली आहे. मनाने नकोशी म्हणून दाबून टाकलेली गोष्ट नष्ट होत नाही, वेगळे रूप घेऊन परत येते, असा सिग्मंड फ्रॉइड यांचा सिद्धान्त होता. बुर्ज्वा यांनी ही भाषा दुरून उचललेली नाही. १९५१ साली वडील गेल्यावर त्या खोल नैराश्यात गेल्या आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ त्या न्यूयॉर्कमध्ये मनोविश्लेषकाकडे जात राहिल्या. दाबून टाकावेसे वाटावे असे त्यांच्या बालपणी घडलेही होते. मुलांना इंग्रजी शिकवायला ठेवलेल्या तरुणीशी वडिलांचे संबंध होते, ती कित्येक वर्षे त्याच घरात राहत होती, आणि आई हे जाणून गप्प राहत होती. ही हकिकत बुर्ज्वा यांनी १९८२ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षानंतर, जाहीरपणे सांगितली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या तोवरच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते.

मात्र तोपर्यंतचे त्यांचे काम मुख्यतः लाकूड, संगमरवर, ब्राँझ आणि रबर यांतले होते. कापड त्यांच्या हाती आले ते आयुष्याच्या शेवटच्या पंधरा वर्षांत. १९९०च्या दशकाच्या मध्याला त्यांनी मॅनहॅटनमधील आपल्या घरात साठवलेले, अगदी लहानपणापासूनचे आणि काही आईचेही, कपडे खाली काढायला लावले. सुरुवातीला त्यांनी ते कापले नाहीत. १९९६–९७च्या कामांत हे झगे, अंतर्वस्त्रे आणि जाकिटे पोलादी खांबांवर टांगलेली आहेत, आणि काहींच्या खांद्यांत हँगरऐवजी गुरांची मोठी हाडे घातलेली आहेत. जो देह त्या कपड्यांत आता नाही त्याची जागा हाडाने घेतली आहे. १९९७च्या ‘स्पायडर’ या शिल्पात जाळीच्या गोल खोलीवर प्रचंड कोळीण उभी आहे, आणि त्या खोलीच्या जाळीवर व आतल्या खुर्चीवर जुन्या टॅपेस्ट्रीचे तुकडे आहेत. कोळीण म्हणजे त्यांची आई, फाटलेले जाळे न रागावता पुन्हा विणणारी. नऊ मीटरहून उंच असलेली ‘ममाँ’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कोळीण दोन वर्षांनी आली. या मोठ्या शिल्पांपुढे रुमालांचे पुस्तक फारच लहान आहे, तरीही स्मृतीविषयी ते जास्त खोल जाते असे मला वाटते, आणि त्याचे कारण कात्री हे आहे.

टांगलेला झगा अजून झगाच असतो. तो कोणाचा, कोणत्या प्रसंगी घातला, हे पाहणारा विचारू शकतो. त्याच झग्याचा दोन बोटे रुंद तुकडा कापून वर्तुळात शिवला की तो प्रश्न विचारता येत नाही. उरतो फक्त रंग, पोत आणि थोडीशी झीज. पुस्तकातील बहुतेक पाने अशी आहेत: माणूस नाही, घर नाही, प्रसंग नाही, केवळ भौमितिक आकृत्या. रोजनिशीत ज्याला प्रसंग म्हटले जाते तो येथे जाणूनबुजून मोडलेला आहे, आणि त्या मोडण्यातून जे साहित्य मिळाले ते नव्या क्रमाने लावलेले आहे. येथे विसरणे म्हणजे मनातून आपोआप निसटणे नव्हे. ते हाताने केलेले काम आहे: कापणे, निवडणे, जागा बदलणे, टाका घालणे. कपडा जपायचा तर तो कपडा म्हणून संपवावा लागला, ही गोष्ट या पानांत डोळ्यांनी दिसते. आणि रुमालाच्या कोपऱ्यातली ती आद्याक्षरे कापून टाकता आली असती, पण ती ठेवली आहेत. सगळे विसरायचे नव्हते, एवढे त्यावरून कळते.

आपल्याकडची गोधडी येथे आठवणे स्वाभाविक आहे, आणि ती तुलना उपयोगी आहे ती साम्यापेक्षा फरकामुळे. गोधडीत आजीचे लुगडे, आईचे पातळ, वडिलांचे धोतर थरांवर थर घालून धावदोऱ्याने एकत्र शिवले जाते, आणि फार जुनी झालेली गोधडी नव्या गोधडीच्या पोटात भरही म्हणून जाते. पोटातले थर कोणाला दिसत नाहीत, त्यांची नावे दोन पिढ्यांत विसरली जातात, तरी ऊब त्यांच्यामुळेच असते. मात्र गोधडी शिवणारीचा हेतू कुटुंबाला पांघरूण मिळावे हा असतो. तिच्यातले विस्मरण आपसूक घडते, त्याचा कोणाला त्रास नसतो आणि कोणी ते मागितलेलेही नसते. बुर्ज्वा यांच्या पुस्तकात तेच कापणे-जोडणे एका विशिष्ट दुखऱ्या आयुष्याकडे वळवलेले आहे. ‘गोधडी म्हणजे आमची वस्त्रकलाच’ असे अभिमानाने म्हणताना हा हेतूचा फरक पुसू नये असे मला वाटते. त्यात गोधडीचा मान कमी होत नाही.

विस्मरण हवेसे वाटणे हे मात्र ज्याचे दुःख खासगी आहे त्याला परवडते. जेथे विसरायला लावणारे सरकार असते तेथे सुई उलट दिशेने चालते. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर ऑगुस्तो पिनोशे यांच्या राजवटीत हजारो माणसे पकडली गेली. मारल्या गेलेल्या आणि कायमच्या बेपत्ता झालेल्यांची संख्या पुढे अधिकृत आयोगांनी तीन हजारांहून अधिक नोंदवली आहे. माणूस कोठे आहे असे विचारायला गेलेल्या बायकांना सांगितले जाई की असा कोणी पकडलेलाच नाही. सांतियागोमधील अशा बायका चर्चच्या आश्रयाने, १९७६पासून ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या कॅथलिक संस्थेच्या आधाराने, एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची छोटी चित्रे शिवू लागल्या. त्यांना आर्पियेरा म्हणतात. वर अँडीज पर्वत आणि सूर्य, खाली रस्ता, घरे, तुरुंगाचे दार, फोटो धरून उभ्या असलेल्या चिंधीच्या बाहुल्या, आणि कधी धाग्याने लिहिलेला प्रश्न: ते कोठे आहेत? काहींत बेपत्ता माणसाच्याच कपड्यांचे तुकडे आहेत. देशात ही चित्रे उघड विकणे धोक्याचे होते, म्हणून ती परदेशी पाठवली जात, आणि त्यांतून या बायकांना थोडे उत्पन्नही मिळे.

बुर्ज्वा यांनी प्रसंग मोडून आकृती केली. चिलीच्या बायकांनी आकृतीला थारा न देता प्रसंगच शिवला, कारण प्रसंग घडलाच नाही असे सांगणाऱ्यांशी त्यांचा सामना होता. त्यांच्या टाक्यांत बारकावा कमी आहे, पण तो तेथे हवा असे म्हणणे मला अयोग्य वाटते. साक्ष वाचता आली पाहिजे. साहित्य मात्र दोन्हीकडे तेच: माणसाच्या अंगावरचे कापड, कात्री आणि सुई. म्हणून एखाद्या वस्त्रकृतीसमोर उभे राहिल्यावर ‘यात कोणती आठवण आहे’ एवढेच विचारून भागत नाही. येथे काय कापले आहे, ते कोणी कापले, आणि ते नाहीसे व्हावे असे कोणाला वाटत होते, हे प्रश्न जास्त पुढे नेतात.

या दृष्टीने ‘ओद अ लुब्ली’ची पुढची हकिकत मला विशेष महत्त्वाची वाटते. मूळ पुस्तक एकच होते. २००४ साली त्याची पंचवीस प्रतींची आवृत्ती काढण्यात आली. पण बुर्ज्वा यांच्या १९३०च्या दशकातल्या झग्याचे कापड पंचवीस वेळा मिळणार कोठून? ती कापडे बाजारात नव्हती, काही तर कोठेच नव्हती. म्हणून नव्या कापडावर शिळाछापाने आणि रंगवून जुन्या कापडांची नक्षी आणि छटा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या, आणि मग ते तुकडे हाताने शिवण्यात आले. मूळ पुस्तकातील कापड कोणाच्या तरी अंगावर गेलेले होते, आवृत्तीतले कोणाच्याही नाही. ज्या कपड्याला देह कधी मिळालाच नाही त्याची ही हुबेहूब आठवण आहे, म्हणजे त्या पुस्तकातल्या ओळीत जे म्हटले आहे तेच. मूळ प्रतीपेक्षा आवृत्ती कमी अस्सल असे संग्राहक म्हणतील, पण पुस्तकाच्या नावाशी आवृत्तीच अधिक प्रामाणिक आहे असे माझे मत आहे.

पुस्तकाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. पाने डिंकाने किंवा कायमच्या शिवणीने जोडलेली नाहीत. प्रत्येक पानाच्या कडेला काजे केली आहेत आणि त्यांतून बंद ओवून पाने एकत्र धरली आहेत. बंद सोडला की पाने सुटी होतात, आणि प्रदर्शनांत ती अनेकदा अशीच सुटी करून भिंतीवर ओळीने लावली जातात. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने बुर्ज्वा यांच्या मुद्राचित्रांचा आणि पुस्तकांचा संपूर्ण संग्रह संकेतस्थळावर खुला केला आहे, त्यात या पुस्तकाची पाने एकेक करून मोठी पाहता येतात. तेथे पाहताना आधी आकृतीकडे न पाहता पानाच्या कडांकडे आणि टाक्यांकडे पाहावे. रुमालाची घडी जेथे वर्षानुवर्षे पडली होती ती रेघ काही पानांवर ओळखू येते, आणि आकृती त्या रेघेला न जुमानता तिच्यावरून शिवलेली आहे.